धनराजचं जहाज डावीकडे कलतं

धनराजचं जहाज पाण्यात सोडलं की डावीकडे कलायचं. माजरीच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये, मोरीतल्या निळ्या टबात त्याने ते इतक्या वेळा सोडून पाहिलं होतं, की त्याची बायको रीता आंघोळीआधी बाहेरूनच ओरडायची, "अजी, समुद्र रिकामा झाला का? मले आंग धुवाचं हाय!"

खरं सांगायचं तर ते जहाज चालण्यासाठी जन्मालाच आलं नव्हतं. प्लास्टिकची युद्धनौका, हातभर लांब, डब्यात सुट्या भागांनी आलेली. भाग चिकटवायचे, रंग द्यायचा आणि टीव्हीच्या बाजूला मांडून ठेवायची, एवढीच तिच्याकडून कंपनीची अपेक्षा. पण धनराज पडला खाणीतला इलेक्ट्रिशियन. बटण दाबल्यावर काहीच होत नाही अशी वस्तू घरात ठेवणं त्याच्या जिवावर येई. त्याने तिच्या पोटात मोटर बसवली, बॅटरी बसवली, मागे पितळी पंखा लावला, आणि रिमोटवर चालेल असं सगळं जोडून दिलं. दोन वर्षं गेली यात. जहाज चालायलाही लागलं. फक्त वाकडं चालायचं, अंगावरून वारं गेल्यासारखं.

उपाय त्याला माहीत होता. तळाशी वजन हवं. त्याने तुरीची डाळ भरून पाहिली, ती भिजून फुगली. खलबत्त्यातला बत्ता ठेवून पाहिला, तेव्हा जहाज सरळ झालं खरं, पण सरळ तळाशीच गेलं.

"शिसं पाह्यजे," धनराज टबाशी उकिडवा बसून म्हणाला. "लहान लहान, जड, अन् तळाशी एका रांगेत."

"मंग माहेरून आणू का?" रीताने टोमणा मारला आणि ती विसरून गेली. माणसाने बोलताना जरा सांभाळून बोलावं, एवढंच आपण म्हणू शकतो.

कारण पुढच्याच आठवड्यात दोघं तिच्या माहेरी निघाले. गडचिरोलीच्या अलीकडचं आवळबोडी हे तिचं गाव. मोठा तलाव, त्याच्या पारेवर, म्हणजे बांधावर, मोहाची झाडं आणि घरटी एक जाळं. होळी झाली की तिथली मच्छीमार सोसायटी तलावात मोठं जाळं घालते, त्या दिवशी लेकी-जावयांना बोलावणं असतं. धनराजने जहाज सोबत घेतलं. एसटीत ते त्याच्या मांडीवर होतं.

"काय हाय हे?" कंडक्टरने विचारलं.

"जहाज."

"गडचिरोलीले?" कंडक्टरने त्याच्याकडे नीट पाहिलं, मग रीताकडे पाहिलं आणि तिकीट तिच्याच हातात दिलं.

जहाज सासुरवाडीला नेण्यामागे धनराजचं एक दुःख होतं. त्याचे सासरे डोमाजी हे आवळबोडीतले नावाजलेले मासेमार, आणि जावई असा की त्याला पोहता येत नाही. जातीचा धिवर, म्हणजे मासेमारच, पण सगळं आयुष्य कोळशात. डोमाजी तोंडाने कधी बोलले नाहीत, पण तलावाच्या गोष्टी सांगताना ते जावयाकडे पाहतच नसत. दिवाळीत धनराजने मोठ्या उमेदीने त्यांना जहाज दाखवलं, तर त्यांनी ते उलटसुलट करून विचारलं,

"जवाईबापू, याच्यात माणूस बसते का?"

"नाई, मामाजी."

"मासोळी बसते?"

"नाई."

"मंग याच्यात बसते तरी काय?"

"काई नाई जी. हे नुसतं चालते."

"चालाले तं आमची बकरी बी चालते," डोमाजी म्हणाले आणि जहाज परत दिलं. ते वाक्य धनराजला फार लागलं होतं. यंदा तलावात, सगळ्या गावासमोर, जहाज सरळ चालवून दाखवायचंच असं त्याने ठरवलं होतं.

पोचले तेव्हा डोमाजी घरी नव्हते. सासूबाई, म्हणजे चंदाबाई, अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. धनराज पाय धुवायला मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, गेला आणि तिथेच उभा राहिला. समोर खुंटीला एक जुनं फेकजाळं टांगलेलं होतं. एकट्या माणसाने हाताने फेकायचं असतं ते. त्याच्या सगळ्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या होत्या. लहान लहान, जड, आणि एका रांगेत.

तसा तो चोर नव्हे हो. त्याने रीतसर विचारलं. "मामीजी, हे मागचं जाळं कामाचं हाय का?"

"कायचं कामाचं, बापू! तीन वर्सं झाले, खुंटीवरून उतरलं नाई. पाली राह्यते त्याच्यात."

आता याहून स्पष्ट परवानगी कोणती? धनराजने पक्कड काढली. सगळ्या गोळ्या काढल्या तर बरं दिसणार नाही म्हणून दोन काढायच्या, एक ठेवायची, असं शिस्तीत काम केलं. गोळ्या जहाजाच्या तळाशी रांगेत मांडल्या, दोन ट्यूबा कालवून करतात तो दगडासारखा गोंद वरून ओतला आणि डेक चिकटवून टाकला. बॅटरी घालायला तेवढं एक झाकण ठेवलं. मग गुरांच्या टाक्यात जहाज सोडलं. ते उभं राहिलं. सरळ, ताठ, शाळेतल्या हेडमास्तरासारखं. धनराज इतक्या जोरात ओरडला की गाय पाणी प्यायची थांबली.

तेवढ्यात पुढच्या अंगणातून डोमाजींचा आवाज आला. त्यांच्याबरोबर सोसायटीचा अध्यक्ष हेमराज होता आणि तो घरात शिरायच्या आधीच बोलायला लागला होता.

"काकीबाई, तोंड गोड करा! पत्रूआजाले यंदा डोळ्यानं दिसत नाई. पयला फेका यंदा आमच्या डोमाकाकाचा!"

चंदाबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. आवळबोडीत मोठं जाळं पडायच्या आधी गावातला सर्वांत जुना मासेमार आपलं स्वतःचं जाळं एकदा, एकट्याने फेकतो. त्यात जी मासोळी येईल ती पारेवरच्या देवीला. जाळं नीट पसरलं आणि एक जरी मासोळी आली, तरी तलाव राजी आहे असं लोक समजतात. डोमाजींनी मिसरूड फुटल्यापासून हा फेका दुसऱ्यांचा पाहिला होता. डोळ्यांत पाणी आणून पाहिला होता, असं चंदाबाई सांगत.

"स्वतःचं जाळं म्हणजे... कोनतं?" धनराजने विचारलं.

"एकच तं हाय," हेमराज म्हणाला. "काकाच्या बापाच्या हातचं. काका, काढा ना जाळं! पाहू द्या आमाले."

डोमाजी मागे गेले. त्यांची चाल जरा जडच वाटली. खुंटीपाशी ते थोडा वेळ थांबले, मग दोन्ही हात लावून त्यांनी जाळं उचललं आणि उचलल्यावर तसेच उभे राहिले. धनराजने डोळे मिटून घेतले.

"हलकं लागून राह्यलं गा!" डोमाजींचा आवाज आला.

"इज्जत भेटली म्हून आंगात जोर आला वाट्टे!" असं म्हणून डोमाजी हसले आणि जाळं खांद्यावर टाकून एखाद्या जवान गड्यासारखे अंगणात आले. हेमराजने टाळ्या वाजवल्या. चंदाबाईंनी तिथल्या तिथे जाळ्याला हळदकुंकू लावलं, कोऱ्या लुगड्यात बांधलं आणि देवापाशी ठेवलं. आता सकाळी तलावावर जाईपर्यंत त्याला कोणाचा हात लागायचा नाही. रीतच तशी.

धनराजने रीताला मोहाच्या झाडामागे नेलं आणि सगळं सांगितलं. ती एकदम उसळली.

"माह्या बापाच्या जाळ्याचे दात काढले तुमी?"

"हळू बोल नं! मामीजीनं सांगतलं कामाचं नाई म्हून."

"अन् मी माहेरून आणू का म्हटलं, ते मजाकीत म्हटलं होतं बाप्पा!"

"मले काय मालूम होतं?"

"फोडा ते जहाज. काढा गोळ्या."

"फोडलं तरी लावू कुठी? जाळ्याले तं हात लावता येत नाई आता."

हे खरं होतं. रीता तिथेच मातीत बसली. "सगळ्या गावासमोर बाबाचं जाळं बुडलं नाई तं ते तलावावर पाय नाई ठेवणार पुन्ना. तुमाले नाई समजत ते. जा, सांगून द्या त्यायले."

धनराज गेला. दिवेलागणीची वेळ होती. डोमाजी अंगणात एकटेच उभे राहून खांद्यावरचा पंचा गोल फिरवून फेकायची तालीम करत होते. पंचा तुळशीवर जाऊन पसरत होता. म्हातारा इतका खुशीत होता की धनराज आधी परत फिरला, मग पुन्हा पुढे आला.

"मामाजी, एक सांगाचं होतं..."

"सकाळी सांगजा, जवाईबापू."

"सकाळी नाई जी, आताच..."

"आता काईच सांगू नका," डोमाजी घाईने म्हणाले आणि पंचा उचलायला वळले. "अन् सकाळी तुमचं जहाज आणजा. हेमराज म्हणते, फेक्याच्या आधी चालवा म्हणते."

सकाळी पारेवर ही गर्दी. हेमराजने माईक लावला होता. "आपल्या तलावाच्या इतिहासात पयल्यांदाच जहाज येऊन राह्यलं! जवाईबापू धनराज, माजरी कोल माइन, टाळ्या!" धनराजने जहाज पाण्यात सोडलं. दोन वर्षं ज्यासाठी जीव पाखडला ते घडलं. जहाज सरळ निघालं, बदकांच्या मधून गेलं, वळलं, परत आलं. लोक ओरडत होते, मोबाइल काढत होते. आणि धनराजला त्यातलं काही म्हणजे काही गोड लागत नव्हतं. आपलं जहाज कशामुळे सरळ चाललंय, हे त्याला एकट्याला माहीत होतं. एकट्याला आणि रीताला.

डोमाजी गुडघाभर पाण्यात उतरले. जाळ्याभोवतीचं लुगडं सोडलं, जाळ्याची दोरी मनगटाला बांधली, जाळ्याचा एक पदर खांद्यावर घेतला. देवीकडे तोंड करून हात जोडले. मग कमरेतून असे काही वळले आणि हात असा काही सुटला, की पारेवरून एकदम "वा!" असा आवाज आला. जाळं हवेत भाकरीसारखं गोल उघडलं, लांबवर गेलं आणि पाण्यावर पडलं.

पडलं आणि पडूनच राहिलं.

अलीकडची कड जराशी खाली गेली. पलीकडची, खोल पाण्याकडची, वाळत घातलेल्या चादरीसारखी पाण्यावर पसरलेली. माईकवर हेमराज "आन् जाळं... जाळं..." म्हणून थांबला. पारेवर कुजबूज सुरू झाली.

"बुडत काऊन नाई?"

"असं तं कधी पाह्यलं नाई बाप्पा."

"तलाव नाराज हाय का काय?"

डोमाजी लोकांकडे पाठ करून, हातात दोरी धरून उभे होते. मान खाली गेली होती. ती सुरकुतलेली, उन्हाने करपलेली मान धनराजला दिसली आणि त्याला स्वतःचा भयंकर राग आला.

"अजी, काईतरी करा नं," रीता रडकुंडीला येऊन म्हणाली.

"करतो. पण मंग जहाज नाई राहाणार."

रीताने त्या जहाजाला दोन वर्षं शिव्या दिल्या होत्या. तरी ती म्हणाली, "पुरं जहाज?"

"त्यायचंच वजन हाय त्याच्यात," धनराज म्हणाला आणि त्याने रिमोटची दांडी पूर्ण पुढे रेटली.

जहाज वळलं आणि लांबून फेरा घेत पलीकडच्या बाजूने थेट जाळ्यावर चढलं. पितळी पंख्यात जाळ्याचा काठ अडकला, दोन गिरक्यांत गच्च गुंडाळला गेला. मोटर कण्हली. जहाज एकदा थरथरलं आणि मग आपल्या जुन्या सवयीप्रमाणे डावीकडे कललं. झाकणातून पाणी आत गेलं. तोफा, शिडी, धनराजने सुईच्या टोकाने रंगवलेलं निशाण, सगळं खाली गेलं आणि जाताना खोल पाण्याकडची कड सोबत घेऊन गेलं. शिशाच्या गोळ्या आपल्या जाळ्याला घेऊन आपल्या कामावर निघाल्या.

डोमाजींच्या हातातली दोरी ताणली गेली. त्यांनी मान वर केली. हळूहळू, दमादमाने ते ओढू लागले. जाळं काठाला आलं तेव्हा आत एक कतला फडफडत होती, चांगली मांडीएवढी. तिच्या बाजूला चिखलाने भरलेली युद्धनौका होती.

पारेवर जो गलका झाला तो विचारू नका. हेमराज तर माईकमधून बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "पाह्यलं का! जाळं पाण्यावर ठेवलं, जहाजानं मासोळी हाकलून आणली, अन् मंग जाळं खाली नेलं! सासरे-जवाईचं नवं तंत्र! सोसायटीच्या वतीनं आपण शासनाकडे जहाजाची मागणी करून राह्यलो!" दोन जणांनी धनराजला खांद्यावर उचललं. पाण्याच्या इतक्या जवळ त्याला खांद्यावर राहायचं नव्हतं, पण ऐकतो कोण.

दुपारी जेवणं झाल्यावर डोमाजी मागच्या सपरीत जहाज धूत बसले होते. धनराज त्यांच्या समोर जाऊन उभा राहिला.

"मामाजी, आता तरी सांगू द्या. गोळ्या..."

"मालूम हाय मले." डोमाजींनी जहाजाच्या तळावर टिचकी मारली. "माह्या बापानं ओतल्या होत्या त्या. काल जाळं उचललं तवाच समजलं. जलमभर उचललं जी ते, अर्ध्याच्या वर वजन गेलं तं मले समजणार नाई?"

धनराज त्यांच्यासमोर खाली बसला. "मंग बोलले काऊन नाई?"

डोमाजींनी आधी चंदाबाई जवळपास नाहीत ना ते पाहिलं. मग आवाज एकदम बारीक केला. "खांदा गेला माह्या. तीन वर्सं झाले, पुरं जाळं उचलून फेकता येत नाई. घरात बी सांगतलं नाई. काल हेमराजले घरी आणलं ते नाई म्हणाच्यासाठीच. म्हटलं, त्याच्या डोळ्यासमोर उचलतो, जमत नाई हे त्यालेच दिसन. उचललं, तं उचललं गेलं!"

"पण ते बुडणार नाई हे तुमाले..."

"बुडलं नसतं तं लोक म्हणले असते तलाव नाराज हाय. फेकताच आलं नसतं तं म्हणले असते डोमा म्हातारा झाला." डोमाजींनी खांदे उडवले, त्यातला एकच उडाला. "तलावाले कोनी काई म्हटलं तं त्याले थोडीच वाईट वाटते!"

धनराज हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी मले सांगू दिलं असतं तं मी रातभर तळमळलो नसतो, मामाजी."

"तुमी सांगतलं असतं तं मले रागवा लागलं असतं. मंग फेकलं काय असतं?" म्हाताऱ्याने जहाज त्याच्या मांडीवर ठेवलं. "तुमचं जहाज गेलं माह्यापायी. मी पाह्यलं, तुमी मुद्दाम नेलं ते. धिवराचाच जवाई हाय तुमी."

एवढ्या एका वाक्यासाठी धनराजने अशी दहा जहाजं बुडवली असती.

"मोटर बदलली का चालते पुन्ना," तो नाक पुसत म्हणाला. "अन् गोळ्या काढून जाळ्याले लावून देतो."

"खबरदार जाळ्याले हात लावाल तं! पुढच्या वर्सी बी फेका माह्याच हाय." डोमाजी जहाजाचं झाकण उघडून आत बोट घालून पाहत होते. "अन् जहाज दुरुस्त झालं का इथीच ठेवजा. याच्यात काय बसते, ते समजलं मले."

"काय बसते?"

डोमाजींनी इकडे-तिकडे पाहून बंडीच्या खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची रिकामी प्लास्टिकची पन्नी काढली, तिची घडी केली आणि डेकवर, डाव्या बाजूच्या तोफेमागे ठेवून पाहिली. बरोबर बसली. गडचिरोलीच्या डॉक्टरने खर्रा बंद करायला सांगितल्यापासून चंदाबाई नवऱ्याला पलीकडच्या पारेवर एकटं जाऊ देत नव्हत्या. कारण बुधूचा पानठेला पलीकडच्या पारेवर होता.

"नाई जी, मामाजी. डॉक्टरनं..."

"दिवसाले एकच," डोमाजी म्हणाले. "नाईतर गोळ्या कोनं काढल्या, ते सांगू का तुमच्या मामीजीले?"

उन्हाळा कडक होईपर्यंत धनराजने जहाज दुरुस्त करून पाठवून दिलं. मग एका रविवारी चंदाबाईंचा फोन आला.

"बापू, तुमचे मामाजी दिवसभर पारेवर बसून जहाजच चालवून राह्यले. या पारेवरून त्या पारेवर, त्या पारेवरून या पारेवर. लय नाद लागला. पण एक बरं झालं बाप्पा, त्या नादात खर्रा सुटला."

"बरं झालं, मामीजी," धनराज चाचरत म्हणाला. रीता बाजूला उभी राहून तोंडात पदर कोंबत होती.

"पण एक इचारू का? मी रोज कपडे धुताना पाहातो. तुमचं जहाज जाताना सरळ जाते, अन् येतानाच डावीकडं कलते. काऊन जी?"

धनराजने बराच विचार केला. शेवटी तो म्हणाला, "वारा असन, मामीजी."